टाकी ते टाकी

गाडीच्या खणात एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
वर यांच्या टपोऱ्या अक्षरात
भूपाल आदगोंडा मगदूम, उद्यमनगर.
आत नुसते आकडे.
तारीख, किलोमीटर, लिटर, अ‍ॅव्हरेज,
आणि शेवटच्या रकान्यात 'काचा' नाहीतर 'एसी'.

लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस.
पंपावर नोझल खट्ट झालं की हात वर, "बास."
पोऱ्यानं रक्कम गोल करायला वर दोन थेंब घातले
तर घरापर्यंत तोंड पाडून.

यांचं शास्त्र असं.
लक्ष्मीपुरीत, दसरा चौकात, परीख पुलाखाली तुंबलेल्या रांगेत
काचा खाली. वारं फुकट आहे.
तावडे हॉटेल मागं पडलं, काटा ऐंशीच्या पुढं गेला
की काचा वर.
कारण तेव्हा वारं आत शिरून गाडीला मागं ओढतं,
उसाच्या ट्रॉलीला लोंबकळणाऱ्या पोरागत.
तिथं एसी परवडतो.

सांगायचे असं. करायचे नाहीत.
हायवेलाही चारी काचा खालीच.
एकदा म्हटलं, गणित तुमचंच आहे की.
म्हणाले, "वाऱ्याची सवय हाय."
वाऱ्यात काही ऐकू येत नाही.
मी उचगावला विचारलेलं
गोकुळ शिरगावला उडून गेलेलं असायचं,
आणि पदर तेवढा तोंडावर फडफडत.

वैशाखात निपाणीला निघालो, भाचीच्या बारशाला.
गाडी दोन तास उन्हात. सीटला हात लावला तर चटका.
यांनी चारी दारं उघडली,
एक दार सुपागत पाखडलं सात-आठ वेळा,
"आधी गरम हवा घालवायची. मग एसी. नाहीतर मशीन उगंच राबतं."
बसल्यावर एक बटण दाबलं.
"आता आतलीच हवा आत फिरणार. बाहेरची घ्यायची नाही. कमी लागतं."
मनात आलं, सत्तावीस वर्षं
हे बटण आपल्या घरात दाबलेलंच आहे.

काचा वर.
पहिल्यांदा ऐकलं, खणात वहीवर पेन घरंगळतं ते.
कॉम्प्रेसर खट्ट करून लागतो ते.
यांचा श्वास नाकातून शिट्टीसारखा येतो ते.

कणेरीवाडीच्या आसपास म्हणाले,
"लेथ दिलं."
"कधी?"
"माघात."

मला ठाऊक होतं.
धातू कापताना त्यावर पांढरं पाणी सोडतात, कुलंट,
नाहीतर टूल जळतं.
त्या पाण्याचा आंबूस वास यांच्या शर्टांना लग्नापासूनचा.
माघापासून शर्ट नुसते साबणाचे.
रोज डबा घेऊन हा माणूस जातो कुठं
एवढंच कळत नव्हतं.

"रंकाळ्यावर," म्हणाले. "कट्ट्यावर बसतो. बारा वाजता खातो."
"भाकरी गार होत असेल."
"होते की."

मग बरंच काही.
कुणाला दिलं, कितीला दिलं, ते नेताना
जमिनीतले बोल्ट निघेनात,
तर यांनीच पाना घेऊन सोडवून दिले.
बोलता बोलता काटा पन्नासवर आला, मग चाळीसवर.
एसी चालूच.
ट्रकवाले हॉर्न मारत, शिव्या देत गेले,
आत त्यातलं काही आलं नाही.

परत येताना कागलच्या पंपावर टाकी भरली.
वही काढली, बोनेटवर ठेवून भागाकार केला.
परत केला.
पंधराच्या खाली कधी न उतरलेली गाडी
बारा पॉइंट सहा.
मी दुसरीकडं बघत शेंगा सोलत राहिले.

रात्री वही उघडली तर शेवटच्या रकान्यात
'एसी', आणि त्याखाली बारीक अक्षरात
'सावकाश'.

टायरमध्ये हवा कमी होती,
असं अजून म्हणतात.